शेपटीचा संच येण्याआधी : विमानबांधणीसाठी गॅरेजची तयारी

दोन आसनांच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या विमानाच्या शेपटीचा सुट्या भागांचा संच मागवण्यापूर्वी गॅरेजची कार्यशाळा करण्याचे काम आता बरेचसे मार्गी लागले आहे, म्हणून या टप्प्याची नोंद सविस्तर करून ठेवत आहे. हत्यारांच्या याद्या सगळीकडे मिळतात. परंतु ती हत्यारे ज्या टेबलावर, ज्या उजेडात आणि ज्या दाबलेल्या हवेवर चालणार, त्यांविषयी फार कमी लिहिले जाते. माझ्या मते विमान सरळ होणार की पिळलेले, हे बऱ्याच अंशी तिथेच ठरते.

जागेच्या बाबतीत पहिले मोजमाप घेतले ते दाराचे. पंख शेवटी विमानतळावरच जोडायचे असल्याने त्यांच्या लांबीची फक्त भिंतीलगत सोय पाहावी लागते. पण चाके बसवलेला सांगाडा दारातून बाहेर निघेल का, आणि आडवा स्टॅबिलायझर (शेपटीचा स्थिर आडवा पंख) त्या वेळी जोडलेला ठेवता येईल की काढावा लागेल, हे आजच कागदावर मांडून पाहिलेले बरे. मांडण्या भिंतीवर उंच घेतल्या आहेत आणि जमिनीवर राहणाऱ्या प्रत्येक वस्तूला कुलूप लागणारी चाके बसवली आहेत. अपवाद फक्त टेबलांचा.

टेबलांवर मी सर्वाधिक वेळ घालवला. ईएए या घरगुती विमानबांधणी करणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेच्या १००० क्रमांकाच्या शाखेचा टेबलाचा आराखडा प्रसिद्ध आहे, आणि त्याच विचाराने एकाच उंचीची दोन टेबले तयार केली. ती एकमेकांना जोडली की लांब भागासाठी सलग पृष्ठभाग मिळतो, आणि मध्ये फट ठेवली की क्लॅम्प लावायला दोन्ही बाजूंनी हात जातो. पायांच्या तळाशी उंची कमीजास्त करणारे बोल्ट आहेत, कारण गॅरेजची फरशी पाणी वाहून जावे म्हणून दाराकडे उतरती केलेली असते.

पाणसळ लावून टेबल समपातळीत आणणे सोपे आहे, पण समपातळीपेक्षा सपाटपणा महत्त्वाचा, आणि पाणसळ एका वेळी एकाच जागेचे सांगते. त्यासाठी चारही कोपऱ्यांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून कर्णांवर दोन दोरे ताणून बांधले. टेबलाला पीळ नसेल तर दोन्ही दोरे मध्यावर एकमेकांना जेमतेम स्पर्श करतात. पीळ असेल तर त्यांच्यात फट दिसते किंवा वरचा दोरा खालच्यावर दाबला जाऊन किंचित वाकतो. नंतर खालचा दोरा वर घेऊन पुन्हा पाहायचे, म्हणजे दोऱ्याच्या जाडीमुळे होणारी फसगत टळते. एका कोपऱ्याचा बोल्ट पाव वळसा फिरवला की मध्यावरचा फरक डोळ्यांना दिसतो, इतकी ही पद्धत संवेदनशील आहे.

हल्लीच्या संचांत भोके आधीच अचूक पाडलेली येतात, मग एवढा आटापिटा कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. कारण असे की रडर किंवा एलिव्हेटर या शेपटीच्या हलणाऱ्या भागांचा सांगाडा एका बाजूने उघडा असतो तोवर त्याला हाताने सहज पीळ देता येतो. मात्र शेवटचा पत्रा रिव्हेटने (ठोकून बसवायच्या धातूच्या खिळीने) जोडला जाऊन ती पोकळी बंद झाली की त्याच सांगाड्याचा पिळाला होणारा विरोध अनेक पटींनी वाढतो. म्हणजे पोकळी बंद होताना भाग ज्या आकारात टेबलावर पडून होता, तोच आकार कायमचा होतो. तो पीळ नंतर उड्डाणात विमान एका बाजूला ओढत राहण्याच्या रूपाने भेटतो.

डिंपल, म्हणजे रिव्हेटच्या डोक्यासाठी पत्र्यातला खळगा, पाडण्याच्या सी-फ्रेमसाठी (सी आकाराच्या चौकटीसाठी) टेबलात खाच घेतली असून खालच्या डायचा (साच्याचा) माथा आणि भोवतालचा पृष्ठभाग एका पातळीत येतील अशी रचना केली आहे. सपाट डोक्याचे रिव्हेट पत्र्यात १०० अंशांच्या खळग्यात बसतात, आणि पातळ पत्र्यात हा खळगा कोरून नव्हे, तर दाबून घडवावा लागतो. पत्रा त्या वेळी लोंबकळत असेल तर भोकाभोवतीचा भाग हलकासा वाकतो आणि रंग दिल्यावर तिथे सावलीची वर्तुळे उमटतात. मोठ्या पत्र्याला चारही बाजूंनी आधार हवा तो याचसाठी.

कॉम्प्रेसर आवाजामुळे भिंतीपलीकडच्या अडगळीत हलवला. हवेसाठी प्लॅस्टिकची पीव्हीसी नळी मी कटाक्षाने टाळली. दाबाखाली ती तडकली तर तिचे टोकदार तुकडे उडतात, आणि अशा नळीशेजारी उभे राहून तासन् तास काम करणे मला मान्य नाही. तांब्याची नळी कॉम्प्रेसरपासून दूर किंचित उतार देऊन नेली आहे, प्रत्येक जोड मुख्य नळीच्या वरच्या बाजूने काढून मग खाली वळवला आहे, आणि शेवटच्या टोकाला पाणी सोडण्याचा कॉक आहे. दाबलेली हवा तापते आणि पुढे निवताना तिच्यातली वाफ पाणी होऊन नळीत साठते. जोड खालून काढला तर तेच पाणी थेट रिव्हेट ठोकणाऱ्या गनमध्ये आणि पुढे प्रायमरमध्ये (रंगाआधी देण्याच्या संरक्षक लेपात) जाते. मुख्य दाब ९० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) ठेवला आहे, पण गनजवळ वेगळा रेग्युलेटर बसवला, कारण ३/३२ इंचाच्या रिव्हेटला १/८ इंचाच्या रिव्हेटपेक्षा बराच कमी दाब पुरतो.

उजेडाचा विचार दोन प्रकारे केला. छतावरच्या दिव्यांच्या ओळी सावली पडू नये म्हणून आहेत, तर एक हलता दिवा मुद्दाम सावली पाडण्यासाठी आहे. तो पत्र्याच्या जवळजवळ समांतर धरला की बोटाला न जाणवणारा पोचाही दिसतो.

धातूच्या स्वच्छतेबाबत काही नियम भिंतीवर लिहून ठेवले आहेत. २०२४-टी३ या मिश्रधातूत तांबे असल्याने तो मजबूत असतो, पण गंजाला लवकर बळी पडतो. म्हणून त्याच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो, आणि खोल ओरखडा तोच थर फाडतो. शिसपेन्सिल कार्यशाळेत येणार नाही, कारण ग्राफाइट आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झिजते. खुणा बारीक टोकाच्या मार्करने करायच्या. पोलादावर वापरलेली कानस अ‍ॅल्युमिनियमला लावायची नाही, कारण तिच्या दातांत अडकलेले लोखंडाचे कण मऊ पत्र्यात रुततात. टेबलावर गालिचा अंथरण्याची पद्धत बरीच रूढ आहे. तो पत्रा जपतो खरा, पण ड्रिलचा कीसही धरून ठेवतो. त्यामुळे मी गुळगुळीत फळी पसंत केली आहे, जी प्रत्येक भागाआधी पुसता येते.

रिव्हेटचे खण क्रमांकानुसार लावले आहेत. एएन४७०एडी४-५ या नावातला ४ हा आकडा व्यास इंचाच्या बत्तिसाव्या भागांत आणि ५ हा आकडा लांबी सोळाव्या भागांत सांगतो, हे एकदा अंगवळणी पडले की खण शोधावा लागत नाही. क्लेको, म्हणजे पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पिना, रंगांनुसार वेगळ्या डब्यांत आहेत : ३/३२ इंचाचे चंदेरी, १/८ इंचाचे तांबूस.

सध्या टाकाऊ पट्ट्यांवर सराव चालू आहे. ठोकून तयार होणाऱ्या डोक्याची रुंदी रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट आणि उंची व्यासाच्या निम्मी यायला हवी, म्हणजे १/८ इंचाच्या रिव्हेटसाठी ३/१६ आणि १/१६ इंच. बकिंग बार (रिव्हेटच्या मागे धरायचा पोलादी ठोकळा) जरासा कलला तरी डोके तिरपे होते, आणि ते कानाला आधी कळते, कारण गनचा आवाज बदलतो. हा फरक कान झाकणारे मफ लावूनही जाणवतो, तेव्हा ते न लावण्याला काहीच सबब उरत नाही.

प्रायमरचा कोपरा अजून बाकी आहे. बाहेर हवा फेकणारा पंखा ठिणगी न पाडणाऱ्या मोटरचा हवा, आणि तो बसेपर्यंत एपॉक्सी प्रायमरचा डबा उघडायचा नाही असे ठरवले आहे. तोवर संच आला, तर प्रत्येक भाग यादीशी पडताळून मांडणीवर लावता येईल आणि उभ्या स्टॅबिलायझरच्या स्पारच्या (आतल्या मुख्य तुळईच्या) कडा घासून गुळगुळीत करण्याचे काम सुरू होईल.