गल्लीचा कोपरा साफ केला, आणि मग घंटागाडी उलटी फिरवली

जळगाव जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. कॉलेजला एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) आहे, दोन वर्षांत 240 तास काम भरायचं आणि मग सर्टिफिकेट मिळतं. बरेच जण त्यासाठीच येतात, मी पण त्यातलाच. यंदा पीओ सरांनी (एनएसएसचे प्रोग्राम ऑफिसर) खेड्यातल्या सात दिवसांच्या कॅम्पशिवाय गावातलीच एक गल्ली दिली आमच्या ग्रुपला, कोपऱ्यावर वर्षानुवर्षांचा उकिरडा आणि मागे एका घराची लांब भिंत.

आधी कागद. नगरपालिकेच्या आरोग्य विभागात कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज द्यायचा आणि भिंत खाजगी असेल तर मालकाची सही घ्यायची, तोंडी "हो हो करा पोरांनो" वर जाऊ नका. पण खरा माणूस म्हणजे सफाई कामगारांचा मुकादम. ट्रॅक्टर कधी येणार, कचरा कुठं टाकायचा, सगळं त्यांच्या हातात. आमचे मुकादम काका पहिल्याच दिवशी म्हणाले, पातळ हातमोजे घालू नका, काचेनं फाटतात, रबरी जाड आणा आणि सुई दिसली की हात न लावता मला हाक मारा. सुया निघाल्या पण.

सकाळी लवकर सुरू करायचो, फावडी, घमेली, दाताळं घेऊन. वरचा कचरा पटकन निघाला, खाली मात्र कॅरीबॅग आणि मातीचा असा थर होता की पाय ठेवला की गादीसारखा दबायचा. राज्यात 2018 पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, पण इथं खालपर्यंत पिशव्याच पिशव्या. एक-दोन पोरं म्हणाली पेटवून देऊ, काका असे ओरडले की परत कुणी विषय काढला नाही.

मग भिंत. सगळ्यांना पेंटिंगचीच घाई, इन्स्टाला टाकायचं ना. ग्रुपमधल्या एकाचे मामा रंगकाम करतात, त्यांनी भिंतीवर बोट फिरवून दाखवलं, पांढरी पावडर हाताला आली. लोणा लागलेला, म्हणजे ओलीनं भिंतीतला खार बाहेर आलेला. म्हणाले यावर आत्ता रंग मारलात तर फुगून पापुद्रे निघतील. तारेच्या ब्रशनं घासली, प्लास्टर गेलेला खालचा पट्टा नवा करून घेतला, सुकू दिला, मग प्रायमर. हे बोरिंग काम सगळ्यात जास्त चाललं आणि याचा एकही फोटो कुणी काढला नाही.

चित्रावरून जोरात वाद. गल्लीतले दोघं-तिघं म्हणाले देव काढा, मग कुणी थुंकणार नाही आणि कचरा पण टाकणार नाही. मला नाही पटलं. भीतीनं चार दिवस थांबतील, आणि पुढं रंग उडाला की देवाचे पापुद्रे कोण बघणार? शेवटी केळीचे घड आणि कापसाची बोंडं काढली, लांबून बरी दिसतात, जवळून बोंडं जरा फुलकोबीसारखी झालीत.

एक आजी रोज ओट्यावर बसून बघायच्या. म्हणायच्या, "कितला बी झाडा भो, सकाय परत पडी." आणि पडलाच! दुसऱ्या दिवशी तीन पिशव्या. पोरं चिडली, कॅमेरा लावू, दंडाचा बोर्ड लावू असं सुरू झालं. आजींनाच विचारलं की गाडीत का नाही टाकत कुणी, तर म्हणाल्या, "गाडी येस तवय मी वावरमा ऱ्हास." घंटागाडी यायची दहाच्या पुढं आणि कापूस वेचणीच्या दिवसांत गल्लीतल्या बाया उजाडताच शेतात. घराला कुलूप, मग पिशवी ठेवणार कुठं, कोपऱ्यावरच ना. इतके दिवस आम्ही तिथं राबत होतो आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मुकादम काकांना सांगितलं. ते म्हणाले जादा गाडी मिळणार नाही, पण फेरी उलटी फिरवता येते, तुमच्या गल्लीतून सुरुवात करतो. ड्रायव्हर आधी कुरकुरला, मग तयार झाला. आता गाडी सातच्या आत येते, ओला-सुका वेगळा अजून सगळे करत नाहीत, पण पिशव्या गाडीतच जातात. बाकी ठिकाणच्या एनएसएसच्या पोरांना एवढंच सांगेन की रंगाचे डबे घ्यायच्या आधी गल्लीत घंटागाडी किती वाजता येते ते विचारा.

शेवटच्या दिवशी गल्लीतल्या लोकांनीच भरीत-पुरीचा बेत केला, वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

राहिला एकच विषय. रात्री कोपऱ्यावर भुर्जीची गाडी लागते, सकाळी अंड्याची टरफलं आणि कांद्याची सालं भिंतीखाली. गाडीवाल्या भाऊंशी दोनदा बोललो, डबा ठेवतो म्हणालेत, अजून ठेवलेला नाही.