वळताना येणारी टकटक आणि ड्राइव्ह शाफ्टची ओळख

आवाज आधी माझ्या लेकीला ऐकू आला. पार्किंगमधून गाडी वळवून बाहेर काढत होते, तेव्हा मागच्या सीटवरून ती म्हणाली, "आई, चाकात काहीतरी अडकलंय बघ." मी उतरून चारही टायर पाहिले. कुठेही खडा किंवा खिळा दिसला नाही. गाडी सरळ रस्त्याला लागली की आवाज गायब आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुन्हा टक टक टक. वेग वाढला की टकटकही वाढायची. आमची सात सीटची एसयूव्ही, घरातली लहानथोर सगळी तिच्यातूनच फिरतात. पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबायला मन तयार होईना.

पहिल्या गॅरेजमध्ये सस्पेन्शनचं निदान झालं. पुढच्या दोन लिंक बदलल्या, गाडी घरी आली आणि गेटपाशी वळतानाच तोच आवाज आला. खर्चापेक्षा मला याचं वाईट वाटलं की माझ्या गाडीच्या पोटात काय फिरतं ते मलाच ठाऊक नव्हतं. त्या रात्री मी गाडीचं मॅन्युअल घेऊन बसले आणि मिळेल ते वाचून काढलं.

गोष्ट मुळात सोपी आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स बॉडीला बांधलेले असतात, चाकं मात्र खड्ड्यांप्रमाणे खालीवर होतात आणि पुढची चाकं शिवाय वळतातही. तरीही ताकद एका क्षणासाठीही तुटता कामा नये. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक पोलादी दांडा, म्हणजेच ड्राइव्ह शाफ्ट, असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना सांधा. गिअरबॉक्सकडच्या आतल्या सांध्यात बहुतेक वेळा तीन रोलर असतात. ते आपल्या खाचांतून आतबाहेर सरकतात, त्यामुळे चाक खालीवर झालं तरी लांबी जुळून येते. चाकाकडचा बाहेरचा सांधा जास्त कष्टाचा. त्यात साधारणपणे सहा पोलादी गोळ्या वक्र खाचांतून धावतात आणि तो ४० अंशांहूनही जास्त वाकू शकतो.

इथे मला एक प्रश्न पडला होता: साधा क्रॉसचा जॉइंट, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्याने दोन दांडे जोडणारा सांधा, का लावत नाहीत? तो तर शेकडो वर्षांपासून माहीत आहे. अडचण अशी की, क्रॉस वाकलेला असताना एका बाजूने एकसारखी गती दिली, तरी दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होते. वळणाऱ्या चाकाला असा जॉइंट लावला तर स्टिअरिंगला हिसके बसतील. १९२० च्या दशकात आल्फ्रेड झेप्पा या इंजिनिअरने गोळ्यांचा सांधा काढला. त्यातल्या गोळ्या कायम दोन्ही दांड्यांमधला कोन बरोबर दुभागणाऱ्या पातळीत राहतात, म्हणून जेवढी गती आत जाते तेवढीच बाहेर येते. हे समजलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला.

मग मोकळ्या मैदानात गाडी नेली. काचा खाली, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, हळूच अ‍ॅक्सिलरेटर. टकटक स्पष्ट. उजवीकडे वळवलं तेव्हा जवळजवळ शांत. डाव्या वळणात उजव्या बाजूच्या सांध्यावर भार येतो, म्हणून संशय उजवीकडे गेला. सरळ रस्त्यावर जोर देताना गाडी थरथरली आणि पाय उचलताच थरथर थांबली, तर बऱ्याचदा आतला सांधा झिजलेला असतो. आमच्याकडे तसं नव्हतं. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं असेल तर थरथर ठरावीक वेगाला येते, पाय उचलल्याने लगेच जात नाही. बेअरिंग गेलं असेल तर टकटकीऐवजी वेगाबरोबर वाढणारी घरघर येते.

घरी आल्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवून इंजिन बंद केलं आणि टॉर्च घेऊन चाकामागे वाकले. रिमच्या आतल्या बाजूला काळे, चिकट शिंतोडे उडालेले होते. बोट लावलं तर ग्रीसबरोबर वाळूचे कण हाताला लागले. सांध्यावरच्या रबरी बूटाच्या, म्हणजे ग्रीस आत आणि धूळ बाहेर ठेवणाऱ्या आवरणाच्या, घड्या अंगठ्याने ताणल्या, तेव्हा एका घडीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढी चीर उघडली. घडी मिटलेली असताना ती अजिबात दिसत नव्हती. बहुधा म्हणूनच आधी कुणाच्या नजरेला पडली नसावी.

दुसऱ्या गॅरेजमधल्या मेकॅनिकदादांना हे दाखवलं. ते म्हणाले, "ताई, आवाज यायच्या आधी आला असतात तर नुसत्या बूटावर भागलं असतं." सांधा खोलून, पुसून त्यांनी माझ्या हातात दिला. खाचांवरून नख फिरवलं की बारीक खड्डे लागत होते. असे खड्डे पडले की ग्रीस कितीही भरा, आवाज जात नाही. उजवीकडचा बाहेरचा जॉइंट नवीन घ्यायचा ठरला. डावीकडे जॉइंट चांगला होता, पण बूटाला भेगा पडायला लागल्या होत्या, म्हणून तिथे फक्त बूट बदलला. नवीन जॉइंट घेताना त्यांनी जुन्याशेजारी ठेवून दाते मोजले आणि एबीएसची (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) रिंगही ताडून पाहिली.

काम चालू असताना मी तिथेच उभी राहिले. शाफ्ट बाहेर काढताना तो लोंबकळू न देता त्यांनी तारेने बांधून ठेवला, नाहीतर आतला सांधा निसटू शकतो. गिअरबॉक्समधून थोडं ऑइल सांडलं, त्यामुळे ऑइल सील नवीन बसलं आणि शेवटी लेव्हल तपासली. बूटाच्या किटमधली काळी मॉलिब्डेनमची ग्रीस संपूर्ण भरली. बेअरिंगची साधी ग्रीस इथे चालत नाही. शेवटचा क्लॅम्प आवळण्याआधी बूटातली कोंडलेली हवा काढली. शाफ्टचं टोक चाकाच्या हबला धरून ठेवणारा हब नट नवा लावला आणि इम्पॅक्ट गन बाजूला ठेवून मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क रेंचने घट्ट केला. या नटाच्या ताणावरच चाकाचं बेअरिंग धरलेलं असतं, आणि तो सैल असताना गाडी ढकलली तरी बेअरिंग खराब होऊ शकतं.

आमची गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे, म्हणून लिफ्टवर असतानाच मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्टही पाहून घेतला; त्यात क्रॉसचे जॉइंट असतात. क्रॉसच्या टोप्यांभोवती लालसर भुकटी दिसली तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडून गंजल्या समजायचं. आमच्या क्रॉसना ती नव्हती, हाताने हलवून पाहिलं तर खेळही नव्हता. जुनी ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस निपलमधून नवी भरली. हा शाफ्ट कधी उतरवावा लागला तर आधी दोन्ही बाजूंना रंगाची खूण करा, म्हणजे तो होता तसाच परत बसेल, नाहीतर नवी थरथर सुरू होऊ शकते.

आता दर १०,००० किलोमीटरला टायरची अदलाबदल करते तेव्हा चारही बूट घड्या ताणून पाहते. काम झाल्यावर थोड्याच दिवसांनी उजव्या बूटाच्या लहान क्लॅम्पपाशी ग्रीसचा पातळ ओलावा दिसला होता. पुसून दोन दिवसांनी पाहिलं तर पुन्हा आलेला. तशीच गाडी घेऊन गेले, दादांनी क्लॅम्प कापून दुसरा बसवला, आतली ग्रीस पुरेशी होती. तेव्हापासून ती जागा कोरडी आहे.