१,८४,००० किलोमीटर पळालेली गाडी

सातारा ते कऱ्हाड, एका बाजूने पन्नास किलोमीटर. सहा वर्षं मी कॉलेजात शिकवायला एसटीने गेले. गेल्या जूनमध्ये कॉलेजचा पहिला तास सव्वासातला आला आणि सहाची गाडी चुकली की तासही चुकायचा. घराचा हप्ता चालू असताना नव्या गाडीचा दुसरा हप्ता मला झेपणार नव्हता. साडेतीन-चार लाखांत रोज शंभर किलोमीटर बिनतक्रार पळेल आणि एअरबॅग असतील, अशी जुनी गाडी शोधायची असं ठरलं.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "रनिंग किती?" मीही तेच विचारत होते. म्हणून सुरुवातीला मनात भरली ती एजंटकडची बावन्न हजार पळालेली गाडी. रंग चकचकीत, सीट कव्हर नवी कोरी. पण क्लचच्या पॅडलचं रबर एका बाजूने पार घासून गुळगुळीत झालेलं होतं आणि स्टेअरिंगवरचं कातडंही तसंच. आमच्या मेस्त्रींनी नंबरावरून सर्व्हिसची नोंद काढायला लावली. २०१९ मध्येच तिचे अठ्ठ्याऐंशी हजार झाले होते. मीटर मागे फिरवलेला होता. त्या दिवशी मला खरंच भीती वाटली, कारण मी एकटी गेले असते तर टोकन देऊन आले असते.

त्यानंतर ही स्विफ्ट डिझायर कळली. डिझेल, झेडडीआय मॉडेल, २०१४ चं पासिंग, एकाच मालकाची, एका काकांची. रनिंग १,८४,०००. आकडा ऐकून घरात कुणी बघायलाही यायला तयार नव्हतं. मेस्त्री मात्र म्हणाले, "ताई, बघून तर येऊ. फक्त काकांना सांगा, आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका."

सकाळी साडेसहाला गेलो. मेस्त्रींनी आधी बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार असल्याची खात्री केली. गाडी पहिल्या स्टार्टरला चालू झाली. मागे उभं राहून मी धूर बघत होते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. तसा काही दिसला नाही. चालू इंजिनवर त्यांनी ऑइलचं झाकण सैल करून वर नुसतं ठेवलं. झाकण जागचं उडालं नाही, आतून भसाभसा वाफ आली नाही, म्हणजे इंजिन आतून फार झिजलेलं नाही. कूलंटच्या डब्यात तेलाचा तवंग नव्हता. दारांची रबरं ओढून आतली स्पॉट वेल्डिंगची टिंबं पाहिली, ती कंपनीचीच, म्हणजे तिथला पत्रा अपघातानंतर बदललेला नाही. पुढच्या एका पंख्याच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, बोल्टवरचा रंग उडालेला होता. मी विचारायच्या आधीच काका म्हणाले, "तिथे बैलगाडी घासली होती, २०१७ ला. बिल आहे."

बिल होतं, आणि वही होती.

दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. डाव्या पानावर डिझेल: तारीख, किलोमीटर, लिटर, अ‍ॅव्हरेज. उजव्या पानावर कामं. दर दहा हजाराला ऑइल आणि फिल्टर, एकही खाडा नाही. १,१२,००० ला क्लच प्लेट. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मुलगी पुण्याला. अकरा वर्षांतलं निम्म्याहून जास्त रनिंग सातारा-पुणे हायवेचं होतं. परतताना मेस्त्रींनी मला हेच समजावलं: गावात दोन-दोन किलोमीटर फिरणारं डिझेल इंजिन नीट तापतच नाही, ईजीआरमध्ये, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेत, काजळी साचते, क्लच आणि ब्रेक सतत वापरात. हायवेला पाचव्या गिअरमध्ये सलग दोन तास पळालेल्या लाखाने इंजिन तेवढं झिजत नाही. त्यात हे १२४८ सीसीचं इंजिन मुळात फियाटचं. स्विफ्ट, पुंटो, इंडिका व्हिस्टा, सगळ्यांत तेच. पार्ट कुठेही मिळतात, हात बसलेले मेस्त्री गावोगाव आहेत, आणि टायमिंगला ठरावीक किलोमीटरला बदलावा लागणारा बेल्ट नाही, चेन आहे.

३,४०,००० ला व्यवहार झाला. वरचे चाळीस हजार मी आधीच बाजूला ठेवले होते आणि ते लागलेच. दोन्ही लोअर आर्म, पुढच्या शॉकअपचे माउंटिंग, बॅटरी, सगळी ऑइलं, कूलंट. टायरवरचा चार आकडी शिक्का २३१८ होता, म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक होती, तरी चारही बदलले. पावसात उंब्रजजवळ ट्रकांच्या मधून जाताना जुन्या रबरावर मला विसंबायचं नव्हतं.

कागदांचं काम त्यामानाने लवकर झालं. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्जाचा बोजा काकांनी आधीच उतरवलेला. इन्शुरन्स मात्र चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो, आणि काकांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्यांच्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही. फरकाचे पैसे मी भरले.

आता रोज पावणेसहाला निघते. नागठाणे, अतीत, उंब्रज, तासवड्याचा टोल. रस्त्याची कामं चालू असतात, तरी बावीसच्या आसपास अ‍ॅव्हरेज पडतं. तिसऱ्या गिअरला थोडा आवाज आहे. मेस्त्री म्हणतात, इतक्यात उघडायची गरज नाही. सकाळी पहिल्या तासाला वर्गात मुलं यायच्या आधी मी पोचलेली असते, याचं मला फार समाधान आहे.

ती वही काकांनी गाडीबरोबर दिली. देताना दोन मिनिटं हातातच धरून उभे होते. त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली मी माझी पहिली नोंद केली, अक्षर जमेल तितकं त्यांच्यासारखं सुवाच्य काढून. परवा १,९३,९०० ला ऑइल बदललं आणि त्या पानाचा फोटो त्यांना पाठवला. पाच मिनिटांत फोन आला.

"मागच्या ब्रेकचे लायनर उघडून बघितले का गं?"

नव्हते बघितले. रविवारी मेस्त्रींकडे जाणार आहे.