भामरागडला दोन मुक्काम जास्तीचे

मी अकोल्याकडचा. आमच्याकडे वर्षाला साधारण 750-800 मिलिमीटर पाऊस, तोही रुसत-फुगत. 'पोळा अन् पाऊस झाला भोळा' ऐकत वाढलेला माणूस पोळ्याच्या आठवड्यात बिनघोर भामरागडला निघाला. गडचिरोलीच्या या टोकाला आमच्या जवळपास दुप्पट पडतो, हे माहीत असूनही.

नागपूर, चंद्रपूर, आलापल्ली असा एसटीने गेलो. आलापल्लीपुढचे 60-65 किलोमीटर दाट जंगल, मधेमधे बांध्यांत गुडघ्याएवढा धान. हेमलकसा मागे टाकून पर्लकोटेचा पूल ओलांडला की भामरागड. पाणी पुलाच्या बरंच खाली होतं, आभाळही उघडलेलं. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीचा संगम चक्क उन्हात पाहिला.

सकाळी चहाच्या टपरीवाला तांदळाचे कट्टे माळ्यावर चढवत होता. रात्रभरात थेंब पडला नव्हता. विचारलं तर म्हणाला, "भाऊ, इथलं आभाळ नका पाहू. पाणी तिकडून येते, छत्तीसगडातून." भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर गाळाची रेघ होती. रंग मारला तरी पुन्हा दिसते म्हणे.

दुपारी नदीचं पाणी तांबडं झालं. आधी पानं-काटक्या, मग अख्खा ओंडका वाहत आला. तीनच्या सुमारास पूल दिसेनासा झाला. पुढचे दोन दिवस एसटी नाही, वीज नाही, मोबाइलला रेंज नाही.

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की ते बऱ्याचदा ओडिशा, छत्तीसगड करत पश्चिमेकडे सरकतं. बस्तरात झड लागली की इंद्रावती फुगते. मग पर्लकोटेच्या पाण्याला पुढे वाट राहत नाही, ते मागे तुंबतं आणि गावात शिरतं. 2020 च्या ऑगस्टअखेरीस भंडाऱ्याचंही असंच झालं होतं: पाऊस मध्य प्रदेशात, पूर वैनगंगेला.

म्हणून पावसाळ्यात जाणारच असाल, तर निघण्याआधी भामरागडचा नाही, बस्तरातल्या जगदलपूरचा अंदाज बघा. तिकडे जोराचा पाऊस सांगितला असेल तर आलापल्लीतच थांबा. दोन दिवस हातचे ठेवा. रोख पैसे, नेहमीच्या गोळ्या, टॉर्च आणि मच्छरदाणी बरोबर हवीच. मलेरियाचा भाग आहे, हयगय नको. पेट्रोल आलापल्लीतच भरून घ्या. पुलावर घोटाभर पाणी दिसलं तरी गाडी घालू नका, खालचा रस्ता शाबूत आहे की नाही ते वरून कळत नाही. नुसतं फिरायचंच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण तेव्हा ही नदी ओळखू येणार नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. पुलावर बोटभर चिखल होता. टपरीवाल्याने अर्धेच कट्टे खाली काढले. बाकीचे का ठेवले म्हटलं, तर चहा गाळता गाळता म्हणाला, "अजून एक यायचा आहे."