नळीतली हवा

स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी कारखान्यात प्रेसखाली वाकून बसले होते. फोन ठेवला आणि डोळ्यांसमोर उभी राहिली ती व्हरांड्याच्या टोकाची आपली प्रयोगशाळा. शाळेबद्दल लिहायचं म्हणजे मला विज्ञानाच्या बाईंबद्दलच लिहावं लागणार. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये, त्यांचंही ऋण आहेच.

गणपती गेले की बाईंना प्रदर्शनाचे वेध लागायचे. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला सहावीला आणि नववीला त्या आम्हाला बसवायच्या, त्याची पुस्तकं स्वतःच्या कपाटातून द्यायच्या. पण त्यांचा खरा जीव होता तो तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात. नियम एकच : थर्माकोल आणि रंग शेवटी. यंत्र आधी चाललं पाहिजे.

1996 साली, आठवीत असताना, मी आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने सिरिंजांचं उचलयंत्र केलं. एक सिरिंज 5 मिलिलिटरची, दुसरी 20 ची, मध्ये सलाईनची मीटरभर नळी आणि आत निळं पाणी. बारकी सिरिंज अंगठ्याने दाबली की जाड सिरिंजेवरचं दोन किलोचं वजन वर यायचं. हे वजन मैत्रिणीच्या वडिलांच्या किराणा दुकानातलं. बाईंनी विचारलं, "बारकी पूर्ण दाबलीस, तरी जाड सिरिंज 5 च्या खुणेवरच का थांबली?" पास्कलचा नियम, म्हणजे बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे मला तोंडपाठ होतं, पण जोर वाढला तेवढं अंतर कमी झालं, हे त्या खुणेकडे बघून कळलं.

प्रदर्शनाच्या दिवशी एसटीत खोकं माझ्या मांडीवर होतं. फाट्यावरच्या खड्ड्यात गाडी आदळली, नळी निसटली आणि निळं पाणी सगळ्या तक्त्यावर सांडलं. तिथे पोचल्यावर घाईघाईने नळावर भरलं, तर अर्ध्या नळीत हवाच. बारकी सिरिंज दाबली तरी वजन जागचं हलेना, आणि हललं की एकदम उडी मारायचं. मला रडू कोसळलं.

बाई आल्या, खाली बसल्या, नळी उजेडात धरून पाहिली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, ही अशीच राहू दे. हिच्या शेजारी दुसरी लाव." पिशवीतून त्यांनी जादाच्या सिरिंजा आणि नळी काढली. शाळेच्या शिपाईमामांकडून बादली मागून घेतली आणि सिरिंजा, नळी सगळं पाण्याखाली बुडवून तिथेच जोडायला लावलं. एकही बुडबुडा राहिला नाही.

परीक्षकांनी पहिलं यंत्र दाबलं आणि विचारलं, "हे बिघडलंय का?" मी म्हटलं, "हो सर, यात हवा शिरलीय. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. म्हणून आपला जोर आधी हवा दाबण्यातच जातो." त्यांनी दोन्ही यंत्रं स्वतः दाबून पाहिली, पुन्हा पुन्हा. आमचा तिसरा नंबर आला, जिल्ह्याला जाणं झालं नाही. येताना हलत्या एसटीत बाईंनी आमच्याकडून वहीत लिहून घेतलं : नळी कुठे निसटली, हवा किती शिरली, कशी काढली. ते वेडंवाकडं अक्षर अजून माझ्याकडे आहे.

डिप्लोमाला मेकॅनिकल घेईन म्हटलं तेव्हा घरी कुणाला पटेना. बाई आमच्याकडे येऊन वडिलांशी तासभर बोलल्या. आज चाकणला, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसच्या देखभालीचा विभाग माझ्याकडे आहे. सिलिंडर झटके देत असेल तर माझा पहिला संशय हवेवर असतो. नवीन मुलांना मॅन्युअल देण्याआधी मी दोन सिरिंजा देते.

मागे एका प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेले होते. मॉडेल देखणं, दिवे लागत होते. मुलाला म्हटलं, "जरा उघडून दाखवतोस?" तो म्हणाला, "उघडायचं नाही असं सांगितलंय." दुकानातून विकत आणलेलं होतं ते. घरी येईपर्यंत मला चैन पडलं नाही. आता सरकारच्या इन्स्पायर अवॉर्डमधून निवडलेल्या मुलांना मॉडेलसाठी 10,000 रुपये मिळतात. कितीतरी शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहेत, थ्रीडी प्रिंटर आहेत. हे सगळं आम्हाला मिळालं असतं तर बाईंनी काय काय करून घेतलं असतं! पण त्या मुलाला खोकं उघडू द्यायला कुणीतरी हवं होतं.

बाई कार्यक्रमाला येणार आहेत असं कळलं. माझ्या यंत्रातल्या सिरिंजांचं रबर केव्हाच वाळून गेलंय, म्हणून कालच दवाखान्याजवळच्या दुकानातून नव्या आणल्या, एक 5 ची, एक 20 ची. बादली मात्र शाळेची वापरेन.