अठरा-पंचावन्नची वकिली

नवा कॅमेरा घरात आला की महिन्याभरात त्याच्याबरोबर आलेली लेन्स नकोशी होते. भाच्याच्या बाबतीत आठवडासुद्धा लागला नाही. तो पुण्यात शिकतो, कुणाचा तरी वापरलेला कॅनन १५००डी घेतलाय, सोबत १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स. लगेच फोन.

"मावशी, किट लेन्स म्हणजे टाकाऊच ना गं? दुसरी कुठली घेऊ?"

"हिनं काय काय काढलंस आतापर्यंत?"

"हॉस्टेलचं मांजर."

माझ्याकडे साताऱ्यात हाच कॅमेरा आणि हीच लेन्स आहे. नोकरी बँकेत, फोटो हौसेचे. तेव्हा ही वकिली फुकटची समजा.

१८-५५चं खरं दुखणं एवढंच की ती प्रकाश कमी आत घेते. ५५ला अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, ५.६च्या पुढे उघडत नाही (आकडा लहान तितकं भोक मोठं). बाकी दिवसाउजेडी, एफ ८ला काढलेला फोटो घरातल्या कॅलेंडरएवढा छापला तरी कुणी लेन्स विचारणार नाही. पण लोक काय करतात, उभे राहतात तिथेच राहतात आणि झूमची रिंग फिरवतात. १८ म्हणजे "सगळं मावावं म्हणून" आणि ५५ म्हणजे "लांबचं जवळ यावं म्हणून". मी उलटं सांगते. १८ लावलं की पुढे चालायला लागा.

आमच्या जिल्ह्यात याची शाळा दरवर्षी भरते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, आणि पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. रस्त्याच्या कडेला उभं राहून ५५ने फोटो काढणाऱ्यांना मिळतात फक्त पाठी आणि टोप्या. त्यापेक्षा सकाळी दिंड्या चालत असताना १८वर जा, आणि टाळकऱ्याच्या दोन हातांवर पोचा. "माउली, काढू का एक?" एवढं विचारलं की काम होतं, फार तर "काढा की माउली" असं उत्तर येतं. इतक्या जवळून टाळ पुढे मोठे दिसतात, त्यामागे चेहरा आणि त्याच्याही मागे पार वळणापर्यंत गेलेली दिंडी. हे कुठलीही महागडी लांब लेन्स देणार नाही. एकच पथ्य: चेहरा चौकटीच्या कडेला ठेवू नका, १८ला कडेची माणसं ताणली जातात. आणि व्ह्यूफाइंडरमध्ये या कॅमेऱ्यात फोटोचा साधारण ९५ टक्केच भाग दिसतो, त्यामुळे तुम्हाला न दिसलेला कुणाचा तरी कोपर घरी गेल्यावर फोटोत सापडतो.

वारीत दुसरी अडचण पांढऱ्याची. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर, वर ढगाळ आभाळ. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. एवढं पांढरं बघितलं की तो बिचकतो आणि फोटो काळपट करून ठेवतो. धोतरं चार दिवस न धुतल्यासारखी दिसतात. उपाय बोटाशी आहे: डायल एव्हीवर (अॅपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), मागचं एव्हीचं बटण दाबून धरायचं आणि वरचं चाक अधिकच्या बाजूला दोन-तीन टिचक्या फिरवायचं. मग टोपी पांढरी आणि चेहराही दिसतो. माझ्या मते या कॅमेऱ्यावर सगळ्यात उपयोगी बटण हेच, आणि सगळ्यात कमी दाबलं जाणारंही हेच. हिरवा ऑटो सोडत नाही तोवर ते चालतच नाही.

रिंगणात अश्व धावतो तेव्हा मात्र शटरचा वेग १/१००० सेकंद लागतो. ढगाळ हवेत एफ ५.६ आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ८०० ठेवलं की तेवढा मिळतो. थोडा दाणा, म्हणजे रवाळपणा, येईल. येऊ दे, घोडा हलण्यापेक्षा बरा.

आता वजा कुठे? गणपतीत. मखर गडद जांभळं, मागे पडदा काळसर, मधे मूर्ती. इथे मीटर उलटा बिचकतो, सगळं उजळ करतो आणि मुकुटाची सोनेरी कलाकुसर पांढरीफटक होते. चाक वजाच्या बाजूला एक आकडाभर. आणि ट्यूब बंद करा. सकाळी खिडकीतून तिरपा उजेड येतो तेव्हा शाडूच्या मूर्तीवरची घडी न् घडी दिसते; समोरून फ्लॅश मारला की तीच मूर्ती सपाट.

फोकसचंही इथेच कळतं. कॅमेऱ्यात नऊ बिंदू आहेत आणि सगळे चालू ठेवले तर तो बहुतेक वेळा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो. म्हणजे मोदकांचं ताट. फक्त मधला बिंदू निवडा, तो नवांत सगळ्यात भरवशाचा. मूर्तीच्या डोळ्यावर धरा, बटण अर्धं दाबा, तसंच दाबून ठेवून चौकट जुळवा, मग पूर्ण दाबा.

आरतीच्या वेळी मात्र १८-५५ची वकिली मी सोडते. निरांजनाच्या उजेडात, आयएसओ १६००ला, ५.६वर शटर जातं १/६ सेकंदाच्या आसपास. लेन्समधला स्टॅबिलायझर तुमच्या हाताचं थरथरणं सावरतो, टाळ्या वाजवणाऱ्या पोरांना थांबवू शकत नाही. इथे घ्यायची ती ५० मिलिमीटरची, झूम नसलेली एफ १.८ लेन्स. पाच-सहाच्या जागी एक-आठ म्हणजे जवळजवळ दहापट उजेड, १/६चं १/६० होतं. कॅननच्या नव्या लेन्सांत ही स्वस्तातली, आणि वजन म्हणाल तर हातात घेतल्यावर डबा रिकामा आहे की काय असं वाटावं.

पण तिचा हट्टही ओळखून असा. एक मीटरवरून १.८ला स्पष्ट पट्टा जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरचा. सोंड लख्ख आणि डोळे धूसर, असा गणपती आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दरवर्षी कुणीतरी टाकतंच, वर "बोकेह" (धूसर पार्श्वभूमीचं कौतुकाचं नाव) लिहून. जवळ असाल तर एफ ४पर्यंत या. शिवाय या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा आतला तुकडा, लहान, त्यामुळे पन्नास ही ऐंशीसारखी वागते. दहा बाय दहाच्या खोलीत सगळं घर तिच्यात मावत नाही, पाठ भिंतीला लागते.

मांडवात, हॉलमध्ये दिव्यांमुळे फोटोवर आडवे काळे पट्टे येतात ते कॅमेरा बिघडल्यामुळे नव्हे. आपली वीज ५० हर्ट्‌झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, बहुतेक वेळा पट्टे जातात. समई आणि ट्यूब एकत्र असतील तर रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) काढा आणि रंग घरी निवांत लावा. कॅननचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

कासला गेलात तर पुन्हा किट लेन्सच. तिथे सगळे मॅक्रोच्या, म्हणजे अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणाऱ्या लेन्सच्या, गप्पा मारतात, पण १८-५५ पंचवीस सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते, आणि हे अंतर सेन्सरपासूनचं, काचेपासूनचं नाही. बॉडीवर आडवी रेघ मारलेला छोटा गोल आहे, तिथून मोजायचं. म्हणजे काच फुलाच्या अगदी जवळ येते आणि ५५ला चौकटीत साडेसहा-सात सेंटीमीटरची रुंदी उरते. तेरड्याचं एक फूल, सोनकीचे दोन-तीन तुरे ऐसपैस बसतात. सीतेच्या आसवांना मात्र हे पुरत नाही, ती फारच चिमुकली. त्यासाठी फुलं तुडवत आत शिरू नका, पायवाटेवरून जेवढं मिळेल तेवढं.

भाच्याला मी शेवटी लेन्सऐवजी हवाबंद डबा आणि सिलिका जेल घ्यायला लावलं. आपल्याकडचा पावसाळा काचेत बुरशी धरवतो, आणि कॅमेऱ्याबरोबर आलेली बॅग तर ओल धरूनच ठेवते. पन्नासही त्याला जुनीच हवी आहे, मुंबईत बोरा बाजारात बघायला जाणार आहे. त्याला सांगितलंय, लेन्सची पुढची-मागची दोन्ही झाकणं काढ, अॅपर्चर उघडं असताना मागून मोबाइलचा टॉर्च मार आणि पुढून तिरकं बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले की लेन्स परत ठेव, कितीही स्वस्त असली तरी. मग आपल्या बॉडीला लावून जवळचं, लांबचं फोकस होतंय का ते तिथेच तपास. दुकानदार घाई करेल, करू दे.