खापरांवरचं मतदान आणि ब्रह्मपुरीचा पोसायडन

ग्रीस आणि रोम आमच्या पाठ्यपुस्तकात जेमतेम काही पानांत उरकले होते. इतिहासाच्या बाईंनी मात्र ते प्रकरण चाचणी परीक्षा होऊन गेली तरी संपवलं नाही. पोर्शन मागे पडतोय म्हणून पालकांनी तक्रारी केल्या, तरी बाई बधल्या नाहीत. शाळेने काय दिलं असं कुणी विचारलं, की मला आधी ते प्रकरण आठवतं.

एकदा त्यांनी प्रत्येकाला फुटक्या कौलाचा तुकडा आणायला सांगितला. कोल्हापुरात तेव्हा कौलारू घरं भरपूर, त्यामुळे तुकड्यांना तोटा नव्हता. प्राचीन अथेन्समध्ये नागरिक अशाच खापरांवर, ज्याच्यापासून शहराला धोका वाटे अशा पुढाऱ्याचं नाव कोरत. 6000 मतांचा आकडा गाठला गेला, की त्याने 10 वर्षं शहर सोडायचं. आरोपपत्र नाही, खटला नाही. मालमत्ता मात्र त्याचीच राही. आम्हीही खिळ्याने नावं कोरली. खिळा घसरायचा, वेलांटी काढताना कौलाचा टवका उडायचा. मोजणीत मॉनिटरचं नाव सर्वांत जास्त निघालं आणि तो रडवेला झाला.

"याने केलंय काय, ते कुणी सांगेल का?" बाईंनी विचारलं. एकाही बाकावरून हात वर गेला नाही.

मग त्यांनी अथेन्सचा पुढारी ॲरिस्टायडीस याची गोष्ट सांगितली. ग्रीक लेखक प्लुटार्कने ती लिहून ठेवली आहे. एका निरक्षर माणसाने खुद्द त्याच्याच हाती खापर देऊन 'यावर ॲरिस्टायडीस लिही' म्हटलं. त्याने तुझं काय वाईट केलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, काही नाही, पण जो तो त्याला न्यायी म्हणतो, ते ऐकून कंटाळा आला. ॲरिस्टायडीसने मुकाट्याने आपलं नाव लिहून दिलं. अथेन्समधल्या ॲक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावर एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या दुसऱ्या पुढाऱ्याच्या नावाची सुमारे 190 खापरं सापडली, अक्षर मात्र मोजक्याच हातांचं. असं का असेल, हे बाईंनी आमच्याकडूनच काढून घेतलं. आधीच लिहून वाटायला ठेवलेली मतं! बायकांना आणि गुलामांना तिथे मत नव्हतं, हे त्यांनी मुलींच्या बाकांकडे बघून मुद्दाम दोनदा सांगितलं.

रोमसाठी त्यांनी आम्हाला टाऊन हॉल म्युझियमला नेलं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर 1940च्या दशकात सापडलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती तिथे आहे. ग्रीकांचा हा समुद्रदेव, उंची जेमतेम वीतभर. काचेला नाक लावून बघितलं तर दाढीचे कुरळे केस, अंगाचे स्नायू स्पष्ट दिसतात. एक हात वर उचललेला; त्यात त्रिशूळ असणार. रोमन जहाजं मोसमी वाऱ्यांवर आपल्या किनाऱ्याला येत, आणि भारत दरवर्षी साम्राज्याचे 5 कोटी सेस्टर्सेस (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात केली होती. हे बाईंनी तिथेच, मूर्तीसमोर उभं राहून सांगितलं. नकाशावरचं रोम त्या दिवशी आमच्या गावात आलं.

सुवर्णमहोत्सवानिमित्त आम्ही माजी विद्यार्थी शाळेला काही देऊ पाहतोय. संगणक, बाकं जरूर घ्यावीत. पण इतिहासाच्या प्रत्येक नव्या तुकडीला वर्षातून एकदा टाऊन हॉलला न्यावं, त्याचा खर्च आमच्या तुकडीकडे लागला.